पंचवीस अँपिअरचा जोड

रेडिएटरच्या पंख्याचा कनेक्टर दोन बोटांत मावतो. काळ्या नायलॉनची दोन लहान खोकी. एकात धातूची पाती, दुसऱ्यात त्या पात्यांना स्प्रिंगच्या दाबाने धरून ठेवणाऱ्या पिना, पाणी शिरू नये म्हणून रबरी सील, आणि वर एक खटका, जो दाबल्याखेरीज दोन्ही बाजू सुटत नाहीत. गाडीच्या किमतीत याचा हिशेबही कुणी धरत नाही. पण भर उन्हात सिग्नलला खोळंबलेल्या साडेतीनशे अश्वशक्तीच्या स्पोर्ट्स कारचं इंजिन थंड राहणार की उकळणार, हे या दोन पात्यांवर ठरतं.

हा जोड जळाला की ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. एका पिनेभोवतीचं नायलॉन तपकिरी होऊन फुगलेलं असतं, कडा ओघळलेल्या असतात, खटका वितळून दोन्ही खोकी एकजीव झालेली असतात. वायरवरचं आवरण दोन-तीन इंचांपर्यंत कडक झालेलं, वाकवलं की तडकणारं. आणि जवळजवळ नेहमीच असं दिसतं की दोनपैकी एकच पिन जळाली आहे. शेजारची, तीन-चार मिलिमीटरवरची दुसरी पिन जवळपास जशीच्या तशी.

जुन्या गाडीची दुरुस्ती करणाऱ्याने इथे क्षणभर थांबावं, असं मला मनापासून वाटतं. कारण जो करंट एका पिनेतून मोटरमध्ये जातो, तोच दुसरीतून परत येतो. दोन्हींमधून वाहणारी वीज तंतोतंत सारखी. तरीही एक जळते आणि दुसरी शाबूत राहते. म्हणजे नुसत्या 'जास्त करंट'ने हे झालेलं नाही. या एका निरीक्षणात दुरुस्तीची सगळी दिशा आहे, पण घाईत नवा कनेक्टर जोडून मोकळं होणाऱ्याला ते दिसत नाही.

मुळात पंखा विजेवर आला कधी आणि कशासाठी? अ‍ॅम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी चालवलेल्यांना फॅन बेल्ट आठवत असेल. इंजिन फिरलं की पट्ट्यावरचा पंखा फिरायचा; इंजिन मंद तर पंखाही मंद. म्हणजे गर्दीत गाडी खोळंबली, वारा नाही, हवेची गरज सर्वांत जास्त, नेमका तेव्हाच तो सुस्त. आणि हमरस्त्यावर जिथे समोरचा वारा पुरेसा असतो तिथे मात्र इंजिनची ताकद खात जोरात फिरणारा. बोरघाटात बॉनेट उघडून रेडिएटरवर पाणी ओतत उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगा त्याच जमान्यातल्या.

स्पोर्ट्स कारची अडचण आणखी वेगळी होती. नाक खाली झुकलेलं हवं, त्यामुळे रेडिएटर आणि त्याचा पंखा जिथे मावेल तिथे बसवायचा. 1961 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या जॅग्वार ई-टाइपमध्ये रेडिएटरमागे विजेचा पंखा होता आणि पाणी तापलं की तो आपोआप सुरू करणारा थर्मोस्टॅटचा स्विचही होता. पुढे इंजिनं आडवी बसू लागली, पट्टा पुढच्या रेडिएटरपर्यंत पोचेना, आणि छोट्या कौटुंबिक गाड्यांनाही विजेचा पंखा घ्यावा लागला. मारुती 800 पासून तो आपल्याकडेही सवयीचा झाला. पट्टा तुटण्याची भीती गेली. तिच्या जागी वायर, रिले, फ्यूज आणि कनेक्टर आले.

यातली गुंतागुंत पाहायची तर शेवरोले कॉर्व्हेटची पाचवी पिढी हे उत्तम उदाहरण आहे. केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी 1997 च्या मॉडेल वर्षात आली आणि 2004 पर्यंत चालली. पुढे 5.7 लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-8 इंजिन, सुरुवातीला 345 अश्वशक्तीचं. गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ. नाक इतकं खाली की समोर जाळी ठेवायला जागाच नाही. रेडिएटरला लागणारी हवा बंपरच्या खालून, एका रबरी पट्टीने वर वळवून आत घेतली जाते. जमिनीलगतची हवा ओढणारी गाडी म्हटल्यावर हवेबरोबर पाचोळा, पिशव्यांचे तुकडे, किडे हेही आत येतात आणि एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचत जातात. वरून काही दिसत नाही. पंखे मात्र अधिकाधिक वेळ पूर्ण जोराने फिरत राहतात.

पंखे दोन आहेत आणि तीन रिले त्यांची जोडणी बदलतात. मंद गतीला दोन्ही मोटरी एकामागे एक जोडल्या जातात, त्यामुळे गाडीचा 12-14 व्होल्टचा दाब दोघींत वाटला जातो आणि पंखे सावकाश, कमी आवाजात फिरतात. पाणी आणखी तापलं की रिले पलटतात आणि दोन्ही मोटरी समांतर येतात: प्रत्येकीला पूर्ण दाब, प्रत्येकीचा स्वतंत्र करंट. फारच सुबक योजना आहे ही. एकही जास्तीचा रेझिस्टर न तापवता दोन वेग मिळतात. कॉर्व्हेटची बॉडी 1953 पासून फायबरग्लासच्या जातीची. तिच्यातून वीज परत येऊ शकत नाही, म्हणून अर्थच्या वायरी वेगळ्या ओढून फ्रेमला नेलेल्या असतात. साध्या पत्र्याच्या गाडीपेक्षा इथे जोड जास्त, आणि प्रत्येक जोडाचं वय गाडीइतकंच.

आता त्या एकट्या जळालेल्या पिनेकडे येऊ. 1840 च्या सुमारास इंग्लंडात मँचेस्टरजवळ जेम्स जूल या बिअर बनवणाऱ्याच्या मुलाने तारेतून वीज सोडून पाणी तापवलं आणि मोजलं. निघणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते, हा त्याचा नियम आपण शाळेत पाठ केलेला आहे. तो इथे जसाच्या तसा लावता येतो. पूर्ण जोरात फिरणारी अशी एक मोटर 25 अँपिअर घेते असं धरू. नव्या, घट्ट पिनेचा रोध 2 मिलिओहम धरला, तर तिथे सव्वा वॅट उष्णता निघते. एवढी उष्णता वायर सहज वाहून नेते, पिन कोमटसुद्धा होत नाही. हाच रोध वाढत वाढत 40 मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा पंचविसावा भाग झाला, तर उष्णता होते 25 वॅट. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत जी सोल्डरिंग आयर्न असते ती साधारण तेवढ्याच वॅटची. नायलॉनच्या बंद खोक्यात ती चालू करून ठेवली तर जे होईल, तेच इथे होतं. पंखा चालू असेपर्यंत, रोज.

आणि फ्यूज? तो थंड असतो. पुष्कळांना हे पटत नाही, पण फ्यूजला फक्त करंट कळतो. 40 मिलिओहमच्या जोडात 25 अँपिअरला एक व्होल्ट खर्च होतो. मोटरला चौदाऐवजी तेरा व्होल्ट मिळतात. पंखा किंचित मंदावतो. 40 अँपिअरच्या फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल आहे. शॉर्ट सर्किट झालं तर तो क्षणात उडेल, कारण तिथे रोध नाहीसा होतो आणि करंट उसळतो. इथे उलटं घडतं आहे: चुकीच्या जागी रोध वाढतो आहे, आणि त्यावर पहारा ठेवणारं या सर्किटमध्ये काहीच नाही. म्हणून कनेक्टर जळाला म्हणून फ्यूजचा आकडा वाढवणं हा निव्वळ अविचार आहे. त्याने जोडाला काडीची मदत होत नाही आणि खऱ्या शॉर्टच्या वेळी मिळणारं संरक्षणही जातं.

रोध वाढतो कसा, याचं शास्त्र ज्याने पक्क्या पायावर उभं केलं तो रॅग्नार होल्म हा स्वीडिश संशोधक. बर्लिनला सीमेन्समध्ये आणि पुढे अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या सेंट मेरीज या गावी राहून त्याने आयुष्यभर दोन धातू एकमेकांना टेकतात तेव्हा काय होतं एवढ्याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. 'इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट्स' हा त्याचा ग्रंथ या विषयातला पायाभूत मानला जातो आणि त्याच्या नावाची परिषद आजही भरते. होल्मचं सांगणं असं की डोळ्यांना गुळगुळीत दिसणारी दोन पाती प्रत्यक्षात मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकतात. सगळी वीज त्या थोड्या बिंदूंतून चिमटून जाते. बिंदू किती आणि किती मोठे, हे दाबावर अवलंबून असतं. स्प्रिंगचा दाब कमी झाला की बिंदू कमी होतात, उरलेल्यांवर ताण येतो.

पंख्याच्या जोडावर हे सगळे हल्ले एकदम होतात. रेडिएटरमागची हवा आधीच तापलेली. इंजिनची थरथर, मोटरची थरथर; त्यामुळे पाती एकमेकांवर काही मायक्रॉन पुढेमागे घासत राहतात. पात्यांवर कथिलाची कल्हई असते. ती घासून जो चुरा निघतो त्याचा ऑक्साइड होतो, आणि हा ऑक्साइड कठीण असून वीज नीट जाऊ देत नाही. सील म्हातारं झालं की ओल आत येते. ओहायो, मिशिगन, इलिनॉयसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तेही पाण्याबरोबर येतं. रोध थोडा वाढतो, त्यामुळे उष्णता वाढते, उष्णतेने स्प्रिंग ढिली पडते, ढिली पडली की रोध आणखी वाढतो. एकदा हे चक्र सुरू झालं की ते आपलं आपण थांबत नाही. 232 अंशांना कथील वितळतं, 260 च्या आसपास नायलॉन. दोन पिनांपैकी जिच्यात हे आधी सुरू झालं तिचाच बळी जातो. शेजारचीही कदाचित त्याच वाटेवर असते, फक्त मागे असते.

असे जोड बनवणं हा एक मोठा धंदा आहे आणि त्याचा इतिहास मोटारींइतकाच जुना आहे. ओहायोतल्या वॉरन गावी जेम्स वॉर्ड पॅकार्ड आणि विल्यम डाउड पॅकार्ड या भावांनी 1890 मध्ये पॅकार्ड इलेक्ट्रिक कंपनी काढली. विजेचे दिवे आणि ट्रान्सफॉर्मर हा तिचा पहिला व्यवसाय. 1899 मध्ये त्यांनी मोटारही बनवली. मोटार कंपनी नंतर डेट्रॉइटला गेली, श्रीमंतांची गाडी म्हणून नावाजली आणि 1958 मध्ये तिचं नावही मोटारींवरून पुसलं गेलं. वायरीचा कारखाना मात्र वॉरनलाच राहिला. 1932 मध्ये जनरल मोटर्सने तो घेतला, आणि कॉर्व्हेटसह तिच्या गाड्यांतल्या वायरिंगवर त्याची छाप राहिली. पुढे त्याचा डेल्फाय झाला आणि 2017 मध्ये अ‍ॅप्टिव.

या कारखान्याने दिलेली वेदर-पॅक आणि मेट्री-पॅक ही नावं अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्यांच्या तोंडी असतात. मेट्री-पॅकचे आकडे मला फार आवडतात, कारण ते काही लपवत नाहीत: 150 म्हणजे दीड मिलिमीटर रुंदीचं पातं, 280 म्हणजे 2.8, 480 म्हणजे 4.8, 630 म्हणजे 6.3. पातं जितकं रुंद तितका करंट जास्त. 280 ला कॅटलॉगमध्ये 30 अँपिअरपर्यंतचा आकडा दिसतो. पण तो योग्य जाडीची वायर, नीट केलेला क्रिंप, म्हणजे वायरीवर दाबून बसवलेला जोड, आणि बेताचं तापमान गृहीत धरून दिलेला असतो. रेडिएटरला चिकटून बसलेल्या वीस वर्षांच्या जोडाला तो लागू होत नाही. ज्याने हे ध्यानात घेतलं नाही त्याचा नवा कनेक्टरही फार दिवस टिकत नाही.

दुसरा धागा विमानांचा. 1941 मध्ये अंकस व्हिटेकर यांनी एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स, म्हणजे पुढची एएमपी, ही कंपनी स्थापली. युद्धासाठी विमानं आणि जहाजं धडाधड बांधायची होती. प्रत्येक वायरीला डाग देत बसायला वेळ नव्हता आणि तेवढे कसबी हातही नव्हते. त्यांनी दाबून बसवायची टर्मिनल्स दिली: वायर आत घाला, हत्याराने दाबा, झालं. आपल्याकडचे वायरमन ज्याला थिंबल म्हणतात त्याच घराण्यातली. मोटारीच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडीत, आज हजारो क्रिंप असतात आणि ते यंत्रांवर होतात. पण वायरी बोर्डावर मांडून त्यांची जुडी बांधण्याचं काम अजूनही मुख्यतः माणसांच्या हातांनी चालतं, कारण लोंबती वायर यंत्राला नीट धरता येत नाही. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातही हे काम होतं. दुरुस्ती करणाऱ्याला त्या हातांच्या तोडीचं काम एकट्याने, वाकून, अपुऱ्या उजेडात करायचं असतं.

ते काम कसं होतं ते आता सविस्तर सांगतो, कारण कसब तिथेच आहे.

पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. हे शिस्त म्हणून नव्हे. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो, आणि तेव्हा बोटं पात्यांजवळ असतात. मग फोटो काढायचे: कोणत्या रंगाची वायर कोणत्या घरात आहे. पंखा उलटा जोडला गेला तर तो फिरेल, पण हवा उलट्या दिशेने ढकलेल, आणि गाडी का तापते याचा शोध नव्याने सुरू होईल.

एकजीव झालेली खोकी ओढून सोडवायचा प्रयत्न करू नये. त्या ओढाताणीत पलीकडची चांगली वायर आतून तुटते. दोन्ही बाजू कापूनच काढाव्यात. मोटरच्या बाजूचा अर्धा भाग ठेवून फक्त हार्नेसकडचा बदलायचा मोह होतो, कारण तो बाजारात सहज मिळतो. पण भाजलेल्या, कल्हई उडालेल्या पात्यावर नवी पिन चढवली की पहिल्याच दिवशी तिचा दर्जा त्या जुन्या पात्याइतका खाली येतो. दोन्ही बाजू बदलाव्यात. मोटरच्या बाजूला कनेक्टर घडीव असेल आणि बदलता येत नसेल तर मोटरच बदलणं बरं.

कापलेली वायर सोलल्यावर तांबं पाहायचं. चकचकीत लालसर असेल तर ठीक. काळं असेल तर आणखी मागे कापायचं, आणि आणखी मागे, जोवर स्वच्छ धातू दिसत नाही तोवर. काळ्या तांब्यावर केलेला क्रिंप म्हणजे पुढच्या जळिताची पायाभरणी. मग वायर तोकडी पडते, म्हणून नवा तुकडा जोडावा लागतो, आणि इथे स्वस्त मालाचा धोका आहे. तयार शेपटीसकट मिळणाऱ्या कनेक्टरांत कधी मूळ वायरीपेक्षा बारीक वायर असते, वर आवरण जाड करून ती भरदार दिसेल अशी केलेली. कधी तांब्याचा फक्त मुलामा असतो आणि आत अ‍ॅल्युमिनियम. ब्लेडने तार खरवडली की पांढरा धातू दिसतो. कल्हई केलेलं तांबं आत लाल निघतं. वायर मूळच्या जाडीची किंवा एक माप वरची घ्यावी. आवरणही पाहावं: घरगुती पीव्हीसी बॉनेटखाली मऊ पडतं. अमेरिकेत जीएक्सएल, टीएक्सएल या नावांनी मिळणाऱ्या, 125 अंशांपर्यंत टिकणाऱ्या आवरणाच्या वायरी इथे योग्य.

आता क्रिंप. उघड्या पोटाच्या टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात: पुढची तांब्याला धरते, मागची आवरणाला. वायर नेमकी इतकीच सोलायची की तांब्याचं टोक पुढच्या पंखांतून मिलिमीटरभर बाहेर दिसेल आणि दोन्ही जोड्यांच्या मधल्या फटीत तांबं आणि आवरण दोन्ही दिसतील. एकही तार बाहेर राहता कामा नये, सोलताना एकही तुटता कामा नये. रॅचेटचं हत्यार बंद करत न्यायचं; पूर्ण दाब बसल्याखेरीज ते सुटतच नाही, आणि त्याचा उपयोग हाच आहे. आतमध्ये पुढचे पंख वळून तारांच्या मधोमध रुततात. दाब इतका असतो की तारांमधल्या फटी नाहीशा होतात, तांबं तांब्यावर आणि टर्मिनलवर चेपून बसतं आणि मध्ये हवा-पाण्याला वाट उरत नाही. चांगला क्रिंप वर्षानुवर्षं काळा पडत नाही तो यामुळे. मागच्या पंखांना वायर फक्त धरून ठेवायची असते, आवरण चिरायचं नसतं, म्हणून त्यांचा दाब कमी. शेवटी हाताने चांगला हिसका देऊन पाहायचं. सुटला तर आत्ताच सुटू दे.

पक्कडीने चेपलेला टर्मिनल वरून असाच दिसतो. आत मात्र तारांमध्ये पोकळ्या असतात, आणि 25 अँपिअरला त्या महाग पडतात. काही जण क्रिंपवर वरून सोल्डर ओततात. मी त्या बाजूचा नाही. सोल्डर तारांतून वर चढतं आणि जिथे थांबतं तिथे लवचिक वायर एकदम ताठ होते. थरथरीने ती नेमकी त्याच जागी तुटते. शिवाय नेहमीचं कथील-शिशाचं सोल्डर 183 अंशांना वितळतं. मधला जोड सोल्डरने करायचाच असेल तर त्याच्या दोन्ही बाजू घट्ट आधाराला बांधाव्या लागतात. माझ्या मते दाबून बसवलेला जोड आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंकची नळी, हेच या जागेला शोभतं. दोन वायरींचे जोड एकमेकांसमोर न आणता मागेपुढे ठेवायचे, म्हणजे गाठही जाड होत नाही आणि आवरण फाटलं तरी दोघी एकमेकींना टेकत नाहीत.

पिना खोक्यात घालताना टक् असा आवाज येतो. आला नाही तर पिन बसलेली नाही. त्याआधी एक सुटं नवं पातं प्रत्येक फिमेल पिनेत घालून ओढून पाहावं. पकड बोटांना जाणवली पाहिजे. नव्या डब्यातलीसुद्धा एखादी पिन ढिली निघते.

इथवर बहुतेकजण काम संपलं असं मानतात. मला वाटतं, कामाचा महत्त्वाचा भाग इथून पुढे आहे. कनेक्टर का जळाला, हे अजून कळलेलं नाही. पंख्याची पाती हाताने फिरवून पाहायची: जड फिरतात, खरखर लागते, एका जागी अडतात? बेअरिंग कोरडी झालेली मोटर जास्त करंट ओढते आणि फिरणं अडलेली मोटर कित्येक पट. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर वायरीभोवती लावला की आकडा समोर येतो. दोन्ही पंख्यांचे आकडे शेजारी ठेवले की आजारी कोण ते पुस्तकाशिवाय कळतं. कंडेन्सर आणि रेडिएटरमधला पाचोळा काढला का, खालची रबरी पट्टी जागेवर आहे का, हेही याच वेळी पाहावं. पंख्याला चोवीस तास राबवणारी कारणं ती आहेत.

शेवटची परीक्षा व्होल्टची. ओहममीटर इथे फसवतो: शंभर तारांपैकी एकच उरली असली तरी तो जवळजवळ शून्य दाखवतो, कारण तो स्वतः अगदी क्षीण करंट सोडून मोजतो. पंखा पूर्ण जोरात चालू ठेवून, मीटर व्होल्टवर लावून, एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं मोटरच्या पॉझिटिव्ह पिनेला टेकवायचं. दिसेल तो आकडा म्हणजे वाटेत हरवलेला दाब. तसंच मोटरच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. दोन्ही बाजूंना मिळून साधारण अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग निरोगी. जास्त असेल तर मीटरची टोकं हळूहळू जवळ आणत जायचं: फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे, रिलेच्या अलीकडे-पलीकडे, जोडाच्या अलीकडे-पलीकडे. चोर कुठे बसला आहे ते तो आकडाच सांगतो. अनेकदा तो रिलेच्या सॉकेटमध्ये किंवा फ्रेमवरच्या गंजलेल्या अर्थमध्ये निघतो, आणि मग पुढच्या उन्हाळ्यातलं जळित आत्ताच टळतं.

"फॅन डायरेक्ट करून देतो, साहेब," ही सूचना आपल्याकडच्या गॅरेजात हमखास ऐकू येते, आणि करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. गाडी तापू नये एवढंच त्याला हवं असतं. पण रिले, फ्यूज आणि कंट्रोलर बाजूला सारून बॅटरीवरून सरळ ओढलेली वायर म्हणजे पंखा अखंड पूर्ण जोरात, सगळे जोड अखंड पूर्ण करंटखाली. मंद गतीची ती सुबक योजना वाया जाते. आणि त्या वायरीत फ्यूजच घातला नसेल, तर फायबरग्लासच्या गाडीत हे सरळ आगीशी खेळणं आहे.

या सगळ्याच्या मुळाशी 12 व्होल्ट आहेत. 1953 आणि 54 च्या पहिल्या कॉर्व्हेटींत 6 व्होल्टची यंत्रणा होती. 1955 ला व्ही-8 इंजिन आलं तेव्हा त्याच्याबरोबर 12 व्होल्ट आले. दाब दुप्पट केला की तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो आणि जोडातली उष्णता चौथाई होते. तेव्हा दिवे, स्टार्टर, हॉर्न आणि रेडिओ एवढाच भार होता. आज एकट्या पंख्याची मोटर 600 वॅटची असू शकते. 12 व्होल्टला ती 50 अँपिअर मागते. 48 व्होल्टला तीच साडेबारा मागेल, आणि त्याच जोडातली उष्णता सोळाव्या हिश्श्यावर येईल. विसाव्या शतकाच्या अखेरीस उद्योगाने 42 व्होल्टचा ध्यास घेतला होता. 2001 मध्ये टोयोटाची एक क्राउन त्या दाबाची यंत्रणा घेऊन आलीही, पण ती लाट ओसरली. 2023 च्या अखेरीस आलेल्या टेस्लाच्या सायबरट्रकने 48 व्होल्ट पुन्हा पुढे आणले.

तेव्हा 42 व्होल्टपुढे ज्या अडचणी होत्या त्यांतली एक जोडांचीच होती. 12 व्होल्टचा चालू जोड ओढून काढला तर ठिणगी उडते आणि विझते. 42 किंवा 48 व्होल्टला ती ठिणगी टिकून राहते आणि पात्याचा धातू खाऊन टाकते. म्हणून या दाबाच्या जोडात खटका सुटण्याआधी करंट बंद झाला पाहिजे. इलेक्ट्रिक गाड्यांच्या शेकडो व्होल्टच्या जोडांत ही सोय आधीपासून आहे: आतली एक आखूड, बारीक पिन मोठ्या पात्यांच्या आधी सुटते, कंट्रोलरला तेवढ्यात कळतं, आणि पाती एकमेकांपासून दूर होण्यापूर्वी तो वीज तोडतो.